घरच्या सिनेमासाठी सबवूफर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समाधान देणारा बेस म्हणजे नेमका कसा?

चांगला बेस म्हणजे भरपूर बेस, असे समीकरण अनेकांच्या मनात पक्के असते आणि नवा सबवूफर (फक्त बेस, म्हणजे खालचे जड स्वर वाजवणारा स्पीकर) घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात त्याची घुंडी रोज थोडी थोडी पुढे सरकत राहते ती याच समजुतीपायी. प्रत्यक्षात कानाला समाधान देतो तो सलग बेस. त्यात २५ हर्ट्झचा हादरा, ४० हर्ट्झचा स्फोट आणि ७० हर्ट्झचा ढोलाचा ठोका आपापल्या वजनाने येतात, कोणताही एक स्वर प्रत्येक दृश्यावर स्वार होत नाही आणि मूळ ध्वनी थांबला की खोलीतला आवाजही थांबतो. सबवूफर जुळला आहे की नाही, हे ओळखण्याची माझी खूण साधी आहे: चित्रपट चालू असताना तो खोलीत कुठे ठेवला आहे हे कानाला सांगता येऊ नये, मात्र तो बंद केल्याबरोबर पडदा लहान झाल्यासारखा वाटावा.

खालील उत्तरांचा क्रम मुद्दाम ठरवलेला आहे. आधी जागा, मग क्रॉसओव्हर (ज्या वारंवारतेखालचा आवाज स्पीकरऐवजी सबवूफर वाजवतो ती सीमा), त्यानंतर फेज (सबवूफर आणि स्पीकर यांच्या लहरींचा वेळेचा मेळ), मग पातळी आणि अगदी शेवटी ईक्यू (ठरावीक वारंवारतांचा आवाज कमी-जास्त करणारी सोय). हा क्रम उलटा केला तर प्रत्येक पायरीवर आधीची चूक झाकण्याचेच काम होत राहते.

सबवूफर उत्तम दर्जाचा आहे, तरीही बेस एका जागी घुमतो आणि दुसऱ्या जागी नाहीसा होतो. दोष कोणाचा?

बहुतेक वेळा खोलीचा. ध्वनीचा हवेतील वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. त्या हिशेबाने ८० हर्ट्झच्या लहरीची लांबी ४.३ मीटर, ४० हर्ट्झची ८.६ मीटर आणि २० हर्ट्झची १७ मीटरहून थोडी अधिक भरते, म्हणजे खर्जातल्या लहरी खोलीएवढ्या किंवा खोलीपेक्षाही लांब असतात. समोरासमोरच्या भिंतींवर आदळून परतताना त्या स्वतःच्याच पुढच्या लहरींत मिसळतात आणि काही ठरावीक वारंवारतांना खोलीत स्थिर लहरी उभ्या राहतात. पहिली स्थिर लहर कोणत्या वारंवारतेला उभी राहील, हे ध्वनीच्या वेगाला दोन भिंतींमधील अंतराच्या दुपटीने भागून काढता येते. खोली ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच असेल, तर हे आकडे अनुक्रमे ३४, ४३ आणि ५७ हर्ट्झच्या आसपास येतात. तिन्ही आकडे सबवूफरच्या ऐन कार्यक्षेत्रात पडतात, हे लक्षात घ्यावे.

अशा पहिल्या स्थिर लहरीत हवेचा दाब भिंतींलगत सर्वाधिक असतो आणि दोन भिंतींच्या बरोबर मधोमध जवळजवळ शून्यावर येतो. त्यामुळे वरील खोलीत लांबीच्या मध्यावर बसलेल्या माणसाला ३४ हर्ट्झ ऐकूच येत नाही आणि मागच्या भिंतीला टेकून बसलेल्याला तोच स्वर फुगून ऐकू येतो. दोघांत फक्त अडीच मीटरचे अंतर असते आणि दोघेही आपापल्या परीने खरे सांगत असतात. एकाच खोलीतील दोन आसनांमध्ये एखाद्या वारंवारतेला २० डेसिबलपर्यंत फरक निघणे ही नवलाची गोष्ट नाही. खोलीची लांबी आणि रुंदी सारखी असेल तर दोन्ही दिशांच्या स्थिर लहरी एकाच वारंवारतेवर येऊन बसतात आणि उपद्रव दुप्पट होतो, म्हणून चौरस खोली सर्वांत अडचणीची मानली जाते.

दोष उपकरणांचाच आहे, या भ्रमात मी स्वतः काही महिने काढले. केबल बदलल्या, सबवूफरखाली दगडी फरशी ठेवून पाहिली आणि शेवटी सफाईसाठी सोफा पुढे ओढला गेला तेव्हा अर्ध्या मीटरच्या त्या फरकाने सारे काम होऊन गेले.

मग सबवूफर ठेवावा तरी कुठे?

खोलीलाच विचारावे. यासाठीची जुनी आणि खात्रीची रीत अशी की, सबवूफर तात्पुरता आपल्या बसण्याच्या जागी, शक्यतो त्याच खुर्चीवर किंवा सोफ्यावर ठेवावा, ज्यात खालचे अनेक स्वर एकामागून एक येतात असे संगीत किंवा २० ते १०० हर्ट्झपर्यंत सावकाश चढत जाणारा चाचणीस्वर लावावा आणि सबवूफर जिथे जिथे ठेवणे व्यवहारात शक्य आहे त्या जागांवरून जमिनीलगत रांगत जाऊन ऐकावे. ज्या जागी सगळे स्वर साधारण सारख्या जोराने ऐकू येतात, ती जागा सबवूफरची. ध्वनीचा उगम आणि ऐकणारा यांच्या जागांची अदलाबदल केली तरी दोघांमधील ध्वनीचा मार्ग तोच राहतो, या नियमावर ही रीत उभी आहे. मोठ्या माणसाने घरात रांगणे हास्यास्पद दिसते हे मान्य, पण या एका तासात जे साधते ते नंतर कोणत्याही घुंडीने साधत नाही.

ऐकताना एक मोह टाळावा. जिथे बेस सर्वांत जोरदार वाटतो ती जागा निवडण्याकडे कल होतो. निवडायची असते ती सर्वांत सारखा वाटणारी जागा. जोर नंतर वाढवता येतो.

सबवूफर भिंतीपासून फार दूर, खोलीत अधांतरी ठेवू नये. भिंतीपासूनचे अंतर लहरीच्या लांबीच्या पाव भागाएवढे झाले की भिंतीवरून परतलेली लहर मूळ लहरीला उलटी पडून तिला खाऊन टाकते. एक मीटर अंतर ठेवले तर ही घट ८६ हर्ट्झच्या सुमारास, म्हणजे नेमकी क्रॉसओव्हरपाशी पडते. भिंतीला लागून ठेवल्यास ती सबवूफरच्या कार्यक्षेत्राच्या वर निघून जाते.

कोपऱ्यात ठेवणे चूक आहे का?

नाही, पण त्याची किंमत ठाऊक असावी. कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळून आवाजाला टेकू देतात, त्यामुळे त्याच ताकदीत सर्वाधिक बेस मिळतो आणि लहान सबवूफरला कमी राबावे लागते. मात्र कोपऱ्यातून खोलीतल्या सगळ्याच स्थिर लहरी पूर्ण जोमाने जाग्या होतात. ज्यांच्याकडे उंचवटे, म्हणजे फुगलेले स्वर, कापणारा चांगला ईक्यू आहे त्यांनी कोपरा जरूर वापरून पाहावा. ज्यांच्याकडे तो नाही त्यांना पुढच्या भिंतीलगत, मध्यापासून थोडी बाजूला सरकवलेली जागा बहुधा अधिक शांत वाटेल.

सबवूफरचे तोंड कोणत्या दिशेला असावे?

इतक्या लांब लहरींना पेटीच्या तोंडाची दिशा फारशी जाणवत नाही, त्यामुळे शंकू (मागेपुढे हलून आवाज निर्माण करणारा पडदा) समोर, बाजूला किंवा खाली असल्याने फरक नगण्य पडतो. पोर्ट (हवा आतबाहेर जाण्यासाठी पेटीला ठेवलेले भोक) मागे असेल तर त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये दहा-पंधरा सेंटिमीटर मोकळी जागा ठेवावी, अॅम्प्लिफायरच्या मागील पत्र्याला हवा लागू द्यावी आणि पेटी फर्निचरच्या कप्प्यात कोंडू नये.

आम्हाला सबवूफर हलवता येत नाही. काय करावे?

आसन हलवावे. मागच्या भिंतीला चिकटलेले आसन थोडे पुढे घ्यावे आणि खोलीच्या लांबीचा नेमका मध्य टाळावा; मागच्या भिंतीपासून लांबीच्या एक तृतीयांशाजवळची जागा सुरुवातीला तपासण्यासाठी बरी असते. सोफा वीस-तीस सेंटिमीटर सरकवल्यानेही खर्जाचे रूप बदलते.

क्रॉसओव्हर किती हर्ट्झवर ठेवावा?

प्रारंभ ८० हर्ट्झपासून करावा. सिनेमाच्या ध्वनीचे निकष ठरवणाऱ्या टीएचएक्सने हाच आकडा घरगुती सिनेमासाठी रूढ केला आणि त्यामागे दोन कारणे आहेत: साधारण ८० हर्ट्झच्या खाली आवाज कोणत्या दिशेने येतो हे ओळखणे कानाला अवघड जाते आणि मध्यम आकाराचे बहुतेक स्पीकर तिथवर सुखाने उतरतात.

आकडा बदलायचा तो स्पीकरची ताकद पाहून. आपला स्पीकर कोणत्या वारंवारतेला ३ डेसिबलने उतरतो ते माहितीपुस्तिकेत पाहावे आणि क्रॉसओव्हर त्याच्या बराच वर ठेवावा. ६० हर्ट्झपर्यंतच उतरणाऱ्या स्पीकरला ६० हर्ट्झवरच कापणे म्हणजे त्याला दमेपर्यंत पळवणे होय. ९० किंवा १०० हर्ट्झवर तो मोकळा श्वास घेतो आणि संवादही स्वच्छ होतात. मुठीएवढ्या, ‘सॅटेलाइट’ म्हणवणाऱ्या स्पीकरांना १२० ते १५० हर्ट्झही लागू शकतात. तेव्हा मात्र सबवूफर कुठे आहे हे कानाला कळू लागते, म्हणून तो पुढच्या स्पीकरांच्या जवळच ठेवावा. मागे किंवा बाजूला ठेवल्यास नायकाचा आवाज छातीपासून खाली सोफ्यामागून येतो.

आमचे पुढचे स्पीकर उंच, जमिनीवर उभे राहणारे आहेत. रिसीव्हरमध्ये (सर्व स्पीकरांना आवाज वाटून देणाऱ्या अॅम्प्लिफायरमध्ये) त्यांना ‘स्मॉल’ का म्हणायचे?

‘स्मॉल’ आणि ‘लार्ज’ या शब्दांनी जितका गोंधळ घातला आहे तितका क्वचितच कोणत्या सेटिंगने घातला असेल. ‘स्मॉल’चा अर्थ एवढाच, की क्रॉसओव्हरखालचा बेस या स्पीकरकडे न पाठवता सबवूफरकडे वळवावा. स्पीकर कितीही उंच असला तरी चित्र आणि संवाद यांच्या सोयीने ठेवलेली त्याची जागा बेससाठी चांगली असेलच असे नाही, तर सबवूफर आपण बेसची सोय पाहूनच ठेवला आहे. शिवाय खर्जाचे ओझे उतरल्याने रिसीव्हरच्या अॅम्प्लिफायरलाही उसंत मिळते. स्वयंचलित जुळवणीनंतर रिसीव्हर मोठ्या स्पीकरांना ‘लार्ज’ ठरवून मोकळा होतो; तेव्हा मेनूत जाऊन ते हाताने ‘स्मॉल’ करावे.

त्याच मेनूत बेस एकाच वेळी पुढच्या स्पीकरांना आणि सबवूफरलाही पाठवण्याची सोय ‘एलएफई + मेन’ किंवा तत्सम नावाने असते. ऐकायला ती उदार वाटते, पण एकच स्वर तीन वेगळ्या जागांहून येऊ लागला की कुठे बेरीज होते आणि कुठे वजाबाकी, यावर आपला ताबा राहत नाही.

एलएफई म्हणजे सबवूफरचा आवाज असेच ना?

नाही. ५.१ या ध्वनिरचनेत पाच मुख्य वाहिन्या असतात आणि ‘.१’ म्हणजे एलएफई, चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणातील एक स्वतंत्र वाहिनी. तिच्यात १२० हर्ट्झपर्यंतचे स्फोट, गडगडाट वगैरे परिणाम भरलेले असतात आणि वाजवताना तिला इतर वाहिन्यांपेक्षा १० डेसिबल अधिक वाव दिलेला असतो. सबवूफर ही वाहिनी वाजवतोच, पण त्याशिवाय ‘स्मॉल’ ठरवलेल्या प्रत्येक स्पीकरचा वळवलेला बेसही वाजवतो. म्हणून रिसीव्हरमध्ये दोन वेगळी सेटिंग दिसतात: स्पीकरांचा क्रॉसओव्हर, जो आपण ८० च्या आसपास ठेवला, आणि एलएफईची वरची मर्यादा, जी १२० वरच राहू द्यावी. ती ८० वर आणली तर मुद्रणातला काही भाग वाजतच नाही.

सबवूफरच्या पाठीवरही क्रॉसओव्हरची घुंडी आहे. ती कुठे ठेवावी?

रिसीव्हर बेस वेगळा करत असेल तर ही घुंडी निष्प्रभ करावी. सबवूफरला ‘एलएफई’ नावाचे इनपुट असेल तर केबल तिथे जोडावी, म्हणजे आतला फिल्टर बाजूला पडतो. तसे इनपुट नसेल तर घुंडी पूर्ण वरच्या टोकाला फिरवावी. दोन्ही ठिकाणी ८० ठेवल्यास एकच स्वर दोनदा गाळला जातो आणि नेमका क्रॉसओव्हरपाशी बेस दुबळा पडतो. साध्या स्टिरिओ अॅम्प्लिफायरबरोबर सबवूफर वापरताना मात्र हीच घुंडी कामाची असते.

फेजची घुंडी फिरवली तरी काही फरक ऐकू येत नाही. ती कशासाठी आहे?

फरक ऐकू येत नाही, कारण बहुतेक जण तो चुकीच्या स्वरावर शोधतात. फेजचा प्रश्न उद्भवतो तो सबवूफर आणि स्पीकर हे दोघेही एकच स्वर वाजवत असतात त्या अरुंद पट्ट्यात, म्हणजे क्रॉसओव्हरच्या आजूबाजूला. तिथे दोघांच्या शंकूंनी एकाच वेळी हवा पुढे ढकलली तर आवाजांची बेरीज होते. एकाने ढकलली आणि दुसऱ्याने ओढली तर दोघे एकमेकांना पुसून टाकतात. ८० हर्ट्झला लहरीच्या लांबीचा अर्धा भाग सुमारे २.१५ मीटर होतो, म्हणजे सबवूफर आणि स्पीकर यांच्या आपल्यापर्यंतच्या अंतरांत एवढा फरक असेल आणि रिसीव्हरने तो भरून काढला नसेल, तर ठोक्यातला जीवच निघून जातो. याची तक्रार लोक वेगळ्या शब्दांत करतात: ‘हादरे येतात, पण छातीवर दणका बसत नाही.’

जुळवणीची रीत अशी. सबवूफर आणि पुढचे स्पीकर दोन्ही चालू ठेवून ८० हर्ट्झचा स्थिर स्वर, किंवा त्या भोवतालच्या पट्ट्यातला गुलाबी गोंगाट (‘पिंक नॉइज’ नावाचा सलग खसखसता चाचणीध्वनी), माफक पातळीवर लावावा. एकाने आपल्या जागी बसून ऐकावे आणि दुसऱ्याने फेजची घुंडी ० पासून १८० अंशांपर्यंत सावकाश फिरवावी. बसलेल्याला आवाज जिथे सर्वाधिक वाटेल तिथे थांबावे. केवळ ० आणि १८० असा दोन टोकांचा खटका असेल तर दोन्हींपैकी मोठा आवाज देणारी बाजू निवडावी आणि उरलेली बारीक जुळवणी रिसीव्हरमधील सबवूफरच्या अंतराने करावी. तिथे अंतराचा आकडा म्हणजे खरे तर वेळेचाच आकडा असतो. ३४ सेंटिमीटर म्हणजे एक मिलिसेकंद.

कानाला कमाल बिंदू नेमका सापडत नाही अशी अडचण असेल तर उलट बाजूने जावे: सबवूफरची पोलॅरिटी (शंकू पुढे-मागे हलण्याची दिशा) मुद्दाम उलटी करून आवाज जिथे अगदी खोल बुडतो ती जागा शोधावी, कारण खड्डा शिखरापेक्षा टोकदार असतो, आणि ती सापडल्यावर पोलॅरिटी पूर्ववत करावी.

सबवूफर तीन मीटरवर असताना रिसीव्हर साडेचार मीटर दाखवतो. दुरुस्त करावे का?

टेपने मोजलेल्या अंतराने ते ‘दुरुस्त’ करू नये. सबवूफरच्या आतील फिल्टर आणि डिजिटल प्रक्रिया आवाजाला काही मिलिसेकंद उशीर करतात आणि रिसीव्हर तो उशीर अंतरात धरून दाखवतो. वायरलेस जोडणीत हा आकडा आणखी वाढतो.

पातळी किती ठेवावी?

सबवूफरची घुंडी मध्यावर ठेवून रिसीव्हरचा चाचणीगोंगाट लावावा आणि ध्वनिमापकावर, सी-भार (‘सी वेटिंग’) व संथ प्रतिसाद (‘स्लो’) ही सेटिंग निवडून, प्रत्येक स्पीकर आपल्या आसनापाशी ७५ डेसिबलवर आणावा. सबवूफरही तिथेच आणावा. जुळवणीनंतर रिसीव्हरमधील सबवूफरचा आकडा शून्याच्या थोडा खाली, उणे काही डेसिबलवर आला तर उत्तम. तो उणे टोकाला अडकला असेल तर सबवूफरची घुंडी कमी करून पुन्हा मोजावे, आणि अधिक बाजूला बराच वर गेला असेल तर घुंडी वाढवावी, नाहीतर मोठ्या आवाजात रिसीव्हरचे आउटपुट फाटू लागते.

यानंतर चित्रपट लावला की बेस अनेकांना कमी वाटतो, आणि त्याला शारीरिक कारण आहे. माणसाचा कान खर्जाच्या बाबतीत मंद असतो. फ्लेचर आणि मनसन यांनी १९३३ मध्ये समान तीव्रतेचे जे आलेख मांडले आणि पुढे आयएसओ २२६ या मानकात जे सुधारून आले, त्यांवरून दिसते की २० हर्ट्झचा स्वर नुसता ऐकू येण्यासाठीच ७० डेसिबलहून अधिक दाब लागतो. चित्रपटाचे ध्वनिमिश्रण ज्या मोठ्या पातळीवर होते तिच्यापेक्षा घरी आपण बरेच हळू ऐकतो, आणि आवाज कमी करताना संवादापेक्षा बेस अधिक वेगाने नजरेआड होतो. ही तूट भरून काढणारी सोय रिसीव्हरमध्ये ‘डायनॅमिक ईक्यू’ किंवा ‘लाउडनेस’ या नावाने असेल तर ती चालू करावी. नसेल तर सबवूफर तीन ते पाच डेसिबलने वाढवणे यात पाप नाही. मात्र हेच आलेख असेही सांगतात की खालच्या टोकाला त्यांच्या रेषा दाटीने बसलेल्या असतात, म्हणजे तिथे थोड्या डेसिबलचा बदलही कानाला मोठा भासतो. म्हणून एका वेळी एकच डेसिबल बदलावा आणि दोन-तीन ओळखीची दृश्ये पाहूनच पुढे जावे.

रिसीव्हरबरोबर आलेल्या मायक्रोफोनने आपोआप जुळवणी होते. मग हे सगळे कशाला?

ऑडिसी, डिराक, यामाहाची वायपाओ अशा प्रणाली खरोखर उपयोगी आहेत आणि वापराव्यातच. त्या अंतर, पातळी आणि काही प्रमाणात खोलीचे उंचवटे सांभाळतात. त्यांना सबवूफर उचलून दुसऱ्या जागी ठेवता येत नाही, एवढीच त्यांची मर्यादा आहे आणि ती फार मोठी आहे. ईक्यूने उंचवटा कापता येतो, पण स्थिर लहरीने किंवा परावर्तनाने पडलेला खोल खड्डा भरता येत नाही. तिथे आपण जितकी ताकद ओततो तितकीच जोरदार लहर भिंतीवरून उलटी येऊन ती खाते. १० डेसिबल वाढवणे म्हणजे अॅम्प्लिफायरकडे दहापट शक्ती मागणे. असा खड्डा जागा बदलूनच जातो.

मोजणीच्या वेळी मायक्रोफोन तिपाईवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवावा. सोफ्याच्या पाठीवर टेकवू नये आणि हातात धरू नये. पंखे आणि वातानुकूलन बंद करावे. ऑडिसीसारख्या प्रणालीने सुचवलेला क्रॉसओव्हर नंतर वर नेला तरी चालतो, खाली आणू नये, कारण त्या स्पीकरसाठी त्याखालची दुरुस्ती तिने तयारच केलेली नसते.

स्वतः मोजायचे असेल तर काय लागते?

कॅलिब्रेशन फाइलसह (मायक्रोफोनच्या स्वतःच्या चुका दुरुस्त करणाऱ्या फाइलसह) मिळणारा यूएसबी मोजणी मायक्रोफोन, एक लॅपटॉप आणि रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर. बेसचा आलेख पाहताना त्याला गुळगुळीत करणारी सोय बंद ठेवावी, नाहीतर खड्डे दिसतच नाहीत. आधी सबवूफर एकटा, मग स्पीकर एकटे आणि शेवटी दोन्ही एकत्र मोजावेत. एकत्रित रेषा क्रॉसओव्हरपाशी एकट्याच्या रेषेच्याही खाली जात असेल तर फेजकडे परत जावे. रेषा रूळासारखी सपाट करण्याचा हट्ट धरू नये. खालच्या टोकाकडे हळूहळू चार ते सहा डेसिबलने चढणारी रेषा बहुतेकांना अधिक नैसर्गिक वाटते. फोनवरील अॅपने पातळीचा ढोबळ अंदाज येतो, पण फोनचा मायक्रोफोन खर्जात लवकर ढेपाळतो, त्यामुळे ३० हर्ट्झचा निवाडा त्याच्याकडून घेऊ नये.

एक मोठा सबवूफर घ्यावा की दोन मध्यम?

एकटेच पाहणाऱ्याला, एकाच आसनापुरता, एक मोठा पुरतो. सोफ्यावर तिघे-चौघे बसत असतील तर दोन मध्यम घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे कारण जोर नव्हे. दोन सबवूफर समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवल्यास एकाने उठवलेल्या काही स्थिर लहरी दुसरा दाबतो आणि सर्व आसनांवरचा बेस एकमेकांच्या जवळ येतो. हरमन कंपनीतील टॉड वेल्टी यांनी आयताकृती खोल्यांवर केलेल्या अभ्यासात दोन किंवा चार सबवूफरची भिंतींच्या मध्यावरील मांडणी विशेष चांगली ठरली. चारच्या पुढे फायदा फारसा वाढत नाही.

दोन्ही शक्यतो एकाच बनावटीचे असावेत. वेगळे असल्यास दुबळा जिथे थकतो तिथेच जोडीची मर्यादा ठरते. रिसीव्हरला दोन आउटपुट असली तरी काही रिसीव्हर दोन्हींना एकच संकेत देतात. तसे असेल तर आधी दोघांची पातळी एकमेकांशी जुळवावी आणि नंतर दोघांना मिळून एक समजून बाकीची जुळवणी करावी.

बंद पेटीचा की पोर्टचा?

पोर्टचा सबवूफर त्याच शक्तीत खालच्या टोकाला अधिक आवाज देतो, पण पोर्ट ज्या स्वराला जुळवलेला असतो त्याखाली त्याचा आवाज सप्तकाला २४ डेसिबल इतक्या वेगाने कोसळतो आणि पेटीही मोठी लागते. बंद पेटीचा सबवूफर लवकर उतरू लागतो, पण सप्तकाला १२ डेसिबल अशा सावकाश गतीने. लहान, बंद दारांच्या खोलीत सर्वांत खालच्या स्वरांना खोलीच टेकू देत असल्याने ही तूट बरीच भरून निघते. मोठ्या किंवा एका बाजूने उघड्या हॉलला पोर्ट, लहान खोलीला बंद पेटी, असा ढोबळ विचार चालतो. ‘बंद पेटी संगीतासाठी, पोर्ट चित्रपटासाठी’ या प्रसिद्ध वाक्यात मला फारसा अर्थ दिसत नाही; वाईट जागी ठेवलेली बंद पेटीही तितकीच घुमते.

शंकूच्या इंचांच्या बाबतीत एवढे ध्यानात ठेवावे, की तोच आवाज एक सप्तक खाली उतरवायचा तर शंकूला चौपट मागेपुढे हलावे लागते. म्हणूनच लहान शंकूचा सबवूफर कागदावर २० हर्ट्झ दाखवत असला तरी तो कोणत्या पातळीवर, हे विचारावे.

भिंतींना फोम लावल्याने घुमणे थांबेल का?

पातळ फोमने, गालिच्याने किंवा पडद्यांनी नाही. सच्छिद्र पदार्थाला लहर नीट शोषायची तर त्याची जाडी किंवा भिंतीपासूनचे अंतर लहरीच्या लांबीच्या पाव भागाच्या घरात जावे लागते, आणि ४० हर्ट्झसाठी तो आकडा दोन मीटरच्या पुढे जातो. पाच सेंटिमीटरच्या फोमने वरचे स्वर तेवढे मरतात आणि बेस उलट अधिकच फुगलेला भासतो. कोपऱ्यांतले जाड, जमिनीपासून छतापर्यंतचे शोषक काही प्रमाणात उपयोगी पडतात.

सबवूफर सतत गुणगुणतो. बिघडला आहे का?

सबवूफरची केबल काढून पाहावी. केबल काढल्यावर गुणगुण थांबली तर सबवूफर बहुधा ठीक आहे आणि दोष अर्थिंगच्या वळशाचा आहे, ज्यात दोन उपकरणे वेगवेगळ्या वाटांनी जमिनीशी जोडली गेल्याने केबलच्या आवरणातून वीजपुरवठ्याच्या वारंवारतेचा प्रवाह वाहतो. सर्व उपकरणे एकाच सॉकेटपट्टीवर घ्यावीत. त्यानेही न थांबल्यास टीव्हीची केबल किंवा अँटेना क्षणभर काढून पाहावी. पुष्कळदा चोर तिथेच सापडतो, आणि मग त्या तारेवर किंवा सबवूफरच्या केबलवर विलगक ट्रान्सफॉर्मर बसवावा. प्लगची अर्थिंगची पिन तोडणे हा उपाय म्हणून सांगणारे लोक भेटतात. तो कधीही करू नये; ती पिन जीव वाचवण्यासाठी असते.

केबल महागडी हवी का? वाय-जोड (एका केबलचे दोन फाटे करणारा) लावावा का?

चांगल्या आवरणाची, पुरेशा लांबीची साधी आरसीए केबल पुरते. वाय-जोडाने दोन्ही इनपुट भरल्यास काही सबवूफरमध्ये संकेत सहा डेसिबलपर्यंत वाढतो, पण तेवढी वाढ घुंडीही देते. हळू आवाजात सबवूफर आपोआप जागा होत नसेल, तेवढ्यापुरता हा जोड कामाला येतो.

जोराच्या दृश्यात कुठेतरी खडखडते. कसे शोधावे?

२० ते १२० हर्ट्झचा सावकाश चढता स्वर लावून खोलीत फिरावे आणि ज्या स्वराला खडखड होते तो धरून ठेवावा. मग दार, खिडकीची काच, तसबिरी, कपाटाची सैल पाठ, छतावरचा दिवा यांवर एकेक करून हात ठेवावा. हात ठेवताच थांबले की तिथे फेल्टचा तुकडा किंवा रबर लावावे. खडखड खुद्द सबवूफरमधून येत असेल तर आवाज लगेच कमी करावा. शंकू आपल्या मर्यादेला आपटत असण्याची शक्यता असते.

शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून काय करता येईल?

येथे खोटा दिलासा देणे बरे नाही. सबवूफरखालची रबरी किंवा फोमची गादी पेटीचे कंपन जमिनीत उतरू देत नाही, त्यामुळे लाकडी किंवा पोकळ जमिनीवर तिचा उपयोग होतो आणि आपल्याच खोलीतली खडखड कमी होते. पण खर्जाचा मोठा भाग हवेतून भिंतीला ढकलून पलीकडे जातो आणि त्याला ती गादी काहीच करत नाही. रात्रीसाठी रिसीव्हरमधील गतिमान श्रेणी आवळणारी ‘नाइट मोड’सारखी सोय वापरावी, सबवूफर सहा ते दहा डेसिबलने उतरवावा आणि आसनाच्या जवळचा दुसरा सबवूफर किंवा सोफ्याखाली बसवायचा कंपक विचारात घ्यावा. कंपक शरीराला हादरा देतो आणि खोलीत आवाज फारसा करत नाही. सोफ्याच्या पायांखाली रबर मात्र हवे. शेजाऱ्यांना एकदा घरी बोलावून आणि मग त्यांच्या खोलीत जाऊन, आपल्या घुंडीची कोणती खूण त्यांच्याकडे ऐकू येत नाही, हे ठरवून घेणे सर्वांत खात्रीचे.

नवा सबवूफर काही तास वाजवून ‘मोकळा’ करावा लागतो का?

शंकूची नवी किनार सुरुवातीला थोडी सैलावते, पण पहिल्या काही दिवसांत जो मोठा बदल जाणवतो तो बहुतेक आपल्या कानांच्या सवयीचा असतो. त्यासाठी जुळवणी पुढे ढकलू नये.

एकदा जुळवल्यावर पुन्हा केव्हा तपासावे?

सोफा, मोठे कपाट किंवा सबवूफर हलले की, खोलीचे एखादे दार नेहमी उघडे किंवा नेहमी बंद राहू लागले की, आणि रिसीव्हरचे सॉफ्टवेअर अद्ययावत झाल्यावर सेटिंग मूळपदावर गेल्याचा संशय आला की. जुळवणी पूर्ण झाल्यावर सबवूफरच्या मागील सर्व घुंड्यांचे आणि रिसीव्हरच्या मेनूचे छायाचित्र काढून ठेवावे, तसेच पेटीच्या पायांभोवती जमिनीवर चिकटपट्टीने खुणा कराव्यात.